सहा महिन्यांच्या बाळाला जेवायला बसवायचं कशात? उंच खुर्ची, बूस्टर की टेबलाला अडकवायची सीट

ओंजळ
लेक पुढच्या आठवड्यात सहा महिन्यांची होईल. डॉक्टरांनी वरचं अन्न सुरू करायला सांगितलंय. वाट्या-चमचे आले, पण तिला बसवायचं कशात यावर घोडं अडलंय. गेले दोन दिवस मांडीवर घेऊन चमचा चाटवून पाहिला. एका हाताने तिला धरायचं, दुसऱ्या हातात चमचा, आणि तिची पाठ माझ्याकडे. तोंड दिसतच नाही. घास गिळला की गालात धरून ठेवलाय ते कळत नाही, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

आतापर्यंत पाहिलेले पर्याय: ट्रे असलेली उंच खुर्ची, मोठ्यांच्या खुर्चीवर बांधायची बूस्टर सीट, टेबलाच्या कडेला अडकवायची सीट आणि जमिनीवर ठेवायची मऊ फोमची सीट. एका मैत्रिणीने मागे झुकणारी खुर्ची घ्यायला सांगितलंय, म्हणजे बाळ दमलं की आडवं करता येतं. दुसरी म्हणते, मांडी असताना हवंय कशाला काही! घर लहान आहे. जेवणाचं टेबल आहे, पण भोवती जेमतेम चालण्यापुरती जागा. जे घेऊ ते दोन-तीन वर्षं तरी वापरता यावं असं वाटतं. ज्यांनी वापरलंय त्यांनी काय आवडलं याच्या आधी काय नडलं ते सांगा, प्लीज.

खारुताई
अगं, आधी हे सांग, ती बसते का? धरल्याशिवाय किती वेळ?

ओंजळ
हात टेकवून बसते थोडा वेळ, मग कलंडते. कंबरेला हलका आधार दिला तर छान ताठ बसते. मान पक्की आहे.

खारुताई
मग झालं की. आधार दिल्यावर ताठ बसते, मान सावरते, हातातलं तोंडाकडे नेते, एवढं असेल तर खुर्चीत बसवायला हरकत नाही. चमचा जिभेने सारखा बाहेर ढकलत असेल तर मात्र आठवडाभर थांबून पुन्हा बघ. माझ्या धाकट्याचं तसंच झालं होतं. दहा दिवसांनी आपोआप घ्यायला लागला.

रानवाट
मी लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. जेवताना त्रास होणारी बरीच मुलं माझ्याकडे येतात, म्हणून जरा लांबण लावते.

खुर्ची बघताना तिचा रंग, चाकं, झुकण्याच्या पायऱ्या सगळं बाजूला ठेवा आणि आधी बाळाचे पाय कुठे टेकतायत ते बघा. जवळजवळ सगळं त्यावर ठरतं. उंच स्टुलावर बसून, पाय लोंबकळत ठेवून पोटभर जेवून पाहा. थोड्या वेळाने आपण चुळबुळ करतो, कंबर पुढे सरकते, हात टेकवावेसे वाटतात. बाळाचं तर पोटा-पाठीचं बळ अजून तयार होतंय. पाय अधांतरी असले की त्याची सगळी ताकद न कलंडता बसून राहण्यात जाते. चावणं, जीभ फिरवणं, गिळणं यासाठी लागणारा निवांतपणा उरत नाही. मग आई-बाबा सांगतात, "पाच मिनिटांत कंटाळतो, जेवणाची आवडच नाही." निम्म्या वेळा मी पायाखाली काहीतरी सरकवते आणि तेच मूल आणखी दहा मिनिटं बसतं.

बसवल्यावर बाजूने बघा. कंबर, गुडघा, घोटा तिन्ही ठिकाणी साधारण काटकोन दिसला पाहिजे. पार्श्वभाग पाठीला टेकलेला. गुडघ्यामागे आणि सीटच्या कडेत दोन बोटांची फट. तळवा पूर्ण टेकलेला, नुसती बोटं नव्हेत. ट्रे कोपराच्या उंचीला. ट्रे काखेशी येत असेल तर बाळ खांदे वर उचलून खातं, त्याला ताटातलं दिसतही नाही.

मागे झुकणाऱ्या खुर्चीबद्दल: बाटलीने दूध पाजताना किंवा नुसतं जवळ बसवायला झुकवलेली चालते. घास भरवताना पाठ उभीच हवी. मान मागे पडली की पातळ पदार्थ बाळाने गिळायची तयारी करण्याआधीच घशाकडे ओघळतो. कार सीटमध्ये भरवू नका हेही त्यासाठीच सांगतात. झुकण्याची सोय आहे म्हणून जास्त पैसे मोजायची गरज नाही.

आणि ओंजळ, तुमची धास्ती रास्त आहे. बाळ समोर हवं, डोळ्यांच्या रेषेत. उबळ येते तेव्हा ते खोकतं, आवाज करतं, तोंड लाल होतं आणि बहुतेक वेळा घास स्वतःच पुढे आणतं. श्वासनलिका खरंच अडकली तर आवाज येत नाही किंवा अगदी क्षीण येतो. पाठमोऱ्या बाळात हा फरक कळणार कसा? अडकलेला घास काढायचं प्रथमोपचाराचं प्रात्यक्षिक वरचं अन्न सुरू करण्याआधी घरातल्या भरवणाऱ्या प्रत्येकाने बघून घ्या. एक वर्षाखालच्या बाळाची पद्धत मोठ्यांपेक्षा वेगळी असते: पालथं धरून पाठीवर थापा आणि मग छातीवर दाब. पोटावर दाब द्यायचा नाही.

धनुकली
रानवाट यांच्या पायांच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. आमच्या खुर्चीला फूटरेस्टच नव्हता. लेक अकरा महिन्यांची असताना मी खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना जाड रबरी व्यायामपट्टा ताणून बांधला. पाय ठेवायला जागा झाली, पण पट्टा मऊ असल्यामुळे ती त्यावर झोके घ्यायची. मग खुर्चीखाली मजबूत खोकं ठेवलं, आत जुनी पुस्तकं गच्च भरून. ते टिकलं. वाढत गेली तसं एकेक पुस्तक कमी करत खोकं कापून बुटकं करत गेले. दिसायला ओबडधोबड, पण आजही मला त्या खोक्याचं कौतुक वाटतं.

नवखा_बाबा
खुर्चीखाली सुटं खोकं ठेवलं तर मूल त्यावर जोर देऊन उभं राहणार नाही का?

धनुकली
राहतं! म्हणून पट्टा. मांड्यांमधला आणि कंबरेचा, दोन्ही, दर वेळी.

अर्धविराम
पट्ट्याचं निघालंच आहे तर. आमच्याकडे ट्रे घट्ट बसायचा, म्हणून "ट्रे आहे ना" म्हणत आम्ही पट्टा लावायचो नाही. एके दिवशी मुलगा ट्रेखालून सरकला. कंबर निसटली, हनुवटी ट्रेला अडकली. मी दोन हातांच्या अंतरावर होते म्हणून लगेच उचलला. नंतर कळलं की मांड्यांच्या मधे जो खुंट किंवा पट्टा असतो तो खाली सरकण्याला अडवण्यासाठीच असतो. ट्रे बाळाला धरून ठेवण्यासाठी नसतो, ताट ठेवण्यासाठी असतो. त्या दिवसापासून आधी बक्कल, मग ट्रे. उतरवताना उलट. घरात येणाऱ्या प्रत्येकाला मी हा क्रम शिकवलाय.

ओंजळ
बाप रे, अर्धविराम. वाचूनच पोटात गोळा आला. बाळ ठीक होतं ना?

अर्धविराम
हो गं, ओरखडासुद्धा नाही. पण ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून जिथे विषय निघेल तिथे लिहिते.

उत्तररात्र
टेबलाला अडकवायची सीट आम्ही दीड वर्ष वापरली. लहान घराला वरदान आहे. जमिनीवर जागाच व्यापत नाही, मूल थेट आपल्या टेबलाशी येतं, दुमडून पिशवीत मावते. पण घेण्याआधी सीट बघायच्या आधी टेबल बघा.

काचेचं टेबल नको. मधोमध एकच खांब असलेलं नको, एका बाजूला वजन पडलं की कलंडतं. वाढवता येणाऱ्या टेबलाच्या सुट्या फळीवर नको. टेबलक्लॉथ किंवा चटई काढून मगच पकड आवळायची, कापडावर ती घसरते. टेबलाखाली हात घालून बघा: कडेपासून आत आडवी पट्टी असेल तर पकडीला जागा मिळत नाही. फळीची जाडी मोजून सीटवर दिलेल्या मर्यादेशी जुळवा. आणि महत्त्वाचं, त्या सीटखाली मोठ्यांची खुर्ची "पडली तर आधार" म्हणून ठेवू नका. आम्ही पहिले दोन दिवस तेच करत होतो. मूल पायाने त्या खुर्चीला रेटा देतं आणि सगळी सीट वर उचलली जाते.

वजनाची मर्यादा बहुतेक सीटना १५ किलोच्या आसपास असते, त्यामुळे तीन वर्षं चालेलच असं धरू नका. रानवाट, पाय मात्र यात लोंबकळतातच. त्यावर काही उपाय?

रानवाट
त्या प्रकारात पक्का उपाय नाही. पायाखाली काही ठेवलं की तुम्ही सांगितलेला रेट्याचा धोका येतो. प्रवासात, पाहुण्यांकडे, दिवसातलं एखादं जेवण, एवढ्यासाठी उत्तम. तिन्ही त्रिकाळ तीच असेल तर मी दुसरा पर्याय बघेन.

चैत्रबन
फोमच्या सीटबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ओंजळ, ती जेवणासाठी घेऊ नकोस. त्यात बाळ खोलगट बसतं, मांड्या वर येतात, पोट दबतं. शिवाय आपल्याला वाकायला नको म्हणून लोक ती टेबलावर ठेवतात, आणि तिथेच घात होतो. बाळ पाठ कमानीसारखी ताणून त्यातून सहज बाहेर पडतं. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेत अशा एका सीटचे सुमारे ४० लाख नग पट्टा बसवून देण्यासाठी परत घेण्याची घोषणा करावी लागली होती. उंचावर ठेवलेल्या सीटमधून पडून बाळांच्या कवटीला तडे गेल्याच्या घटना नोंदल्या गेल्या होत्या. पट्टा असला तरी जागा जमिनीवरचीच.

सायंतारा
मी आजी आहे. नातवाला दिवसा मीच भरवते. सगळे बाळाच्या बसण्याबद्दल लिहितायत ते योग्यच आहे, पण भरवणाऱ्याची कंबरही बघा. मुलाने आणलेली पहिली खुर्ची बुटकी होती. मी खुर्चीत बसले तर बाळ माझ्या गुडघ्यांशी, खाली बसले तर मला उठवत नाही. पंधरा दिवसांत पाठ धरली. मग सुनेने माझ्या बसायच्या खुर्चीची उंची मोजली आणि बाळाची सीट त्या हिशोबाने निवडली. आता त्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर येतात. मी एक घास खाते, तो एक खातो. मी चावते तसं तोंड हलवून बघतो. जे कोणी भरवणार असेल त्याला बसवून बघूनच खरेदी करा, बायांनो.

आणखी एक. ट्रे एका हाताने निघायला हवा. दुसऱ्या हातात बाळ असतं. दोन्ही बाजूंची बटणं एकदम दाबायची असतील तर माझ्यासारखीच्या बोटांना ते जमत नाही.

ओंजळ
काकू, हे डोक्यातच आलं नव्हतं. दुपारी आईच भरवणार आहे. तिला घेऊनच बघायला जाते. खूप आभार.

तुषारबिंदू
स्वच्छतेवर कुणी बोलेल का? की मीच बोलू?

धनुकली
बोल गं, मनापासून बोल!

तुषारबिंदू
मला जुळी आहेत, त्यामुळे दिवसातून सहा वेळा दोन खुर्च्या. गुबगुबीत गादीची खुर्ची दुकानात फार गोड दिसते. आठवड्याभरात तिच्या शिवणीत घास शिरतात आणि नखाने टोकरूनही निघत नाहीत. घेताना असं करा: खुर्चीवर पातळ पिठल्यासारखं काहीतरी सांडलंय असं मनात आणा आणि ते कुठे कुठे वाहत जाईल ते बोटाने माग काढत बघा. सीट आणि पाठीच्या जोडात, बक्कलच्या खाचेत, ट्रेच्या खालच्या पन्हाळीत, स्क्रूच्या भोकात. जितक्या कमी फटी तितकं आयुष्य सोपं. ट्रे तुमच्या सिंकमध्ये मावतो का तेही माप घेऊन जा. आमचा मावत नाही, तीन वर्षं न्हाणीघरात धुतेय.

पट्टे सुटे निघायलाच हवेत. न निघणारे पट्टे कायम दमट राहतात, वास मारतात, काळे ठिपके पडतात. निघत असतील तर कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून तासभर भिजवायचे, जुन्या टूथब्रशने घासायचे आणि उन्हात पूर्ण वाळवून मगच लावायचे. काढण्याआधी फोटो काढून ठेवा. कुठला पट्टा कुठल्या खाचेतून आला होता ते नंतर आठवत नाही, आणि चुकीचा ओवलेला पट्टा ताण आला की निसटतो.

नवखा_बाबा
माझा प्रश्न थोडा वेगळा. मुलगा सव्वा वर्षाचा. खुर्ची चांगली आहे, फूटरेस्ट आहे, पण बसवायला गेलं की शरीर धनुष्यासारखं ताठ करतो. बसला तर दोन मिनिटांत उभा राहायला बघतो. कालपासून तर खुर्ची दिसली तरी रडतो. आम्ही खेळणी देऊन, मोबाईल दाखवून बघितलं, आता त्याशिवाय घास जात नाही. बायको आणि मी दोघंही थकलोय.

खारुताई
अहो, या वयात बहुतेक घरांत हे होतं. चालायला लागलं की एका जागी बांधून घेणं नको वाटतं. तुमचं काही चुकलेलं नाही.

रानवाट
तीन गोष्टी विचारते. फूटरेस्ट शेवटचा कधी खाली केला होता? ट्रे काढून त्याला थेट तुमच्या टेबलाशी लावून पाहिलंय का? आणि खुर्चीत किती वेळ बसवता?

नवखा_बाबा
फूटरेस्ट घेतला तसाच आहे, त्याची जागा बदलता येते हेच माहीत नव्हतं. आत्ता बघितलं, गुडघे ट्रेला लागतायत! टेबलाशी कधी लावला नाही, त्याला आधी भरवून मग आम्ही जेवतो. वेळ… संपेपर्यंत. कधी कधी पाऊण तास.

रानवाट
मग त्याचं रडणं समजण्यासारखं आहे. फूटरेस्ट खाली करा, जमल्यास सीटही एक खाच खाली. पट्टा तसाच ठेवून ट्रे काढा आणि खुर्ची टेबलाशी लावा, तुमच्या ताटांच्या शेजारी त्याचं ताट. ट्रे नसताना पट्टा वापरता येतो का ते माहितीपत्रकात बघून घ्या. त्याचे पाय टेबलाच्या कडेला किंवा भिंतीला रेटता येणार नाहीत असं बघा. उंच खुर्च्या उलटतात त्या बऱ्याचदा अशाच रेट्याने.

वेळ वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. त्याने हात आखडता घेतला, तोंड फिरवलं की खाली उतरवायचं, उरलेलं असलं तरी. पाऊण तास बसवलं की त्याच्या लेखी खुर्ची म्हणजे सुटका नसलेली जागा होते. खाली उतरल्यावर मागे वाटी घेऊन फिरायचं नाही. पळता पळता खाणं हे घशात अडकण्याचं मोठं कारण आहे. पहिले चार दिवस कमी खाईल, ते सोसा. मोबाईल एकदम काढणं कठीण जात असेल तर आधी दिवसातलं एक जेवण त्याशिवाय करा. वजन घटतंय किंवा रोजच ठसका लागतोय असं असेल तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

उत्तररात्र
आमची दीड वर्षाची झाल्यावर स्वतः चढू लागली तेव्हा रडणं थांबलं. आपण उचलून कोंबणं आणि आपलं आपण चढून बसणं यात तिला फार फरक वाटायचा. चढताना खुर्ची एकाने धरायची, मग पट्टा.

अक्षरवेल
लाकडी, खाचा असलेली, वाढत जाणारी खुर्ची कुणी सुचवली नाही अजून! ओंजळ, तुला दोन-तीन वर्षं हवीत म्हणून. या प्रकाराची सुरुवात १९७२ सालची. नॉर्वेचे डिझायनर पीटर ऑप्सविक यांचा लहान मुलगा बाळखुर्चीत मावेना आणि मोठ्यांच्या खुर्चीत बसला की पाय लोंबकळत, हात टेबलापर्यंत पोचत नसत. त्यावरून त्यांनी सीट आणि पायाची फळी दोन्ही वर-खाली सरकवता येतील अशी 'ट्रिप ट्रॅप' खुर्ची केली. नंतर त्या कल्पनेवर अनेकांनी खुर्च्या काढल्या. महाग असतात, जड असतात, आणि लहान बाळासाठी पाठीचा-कंबरेचा सेट बहुधा वेगळा घ्यावा लागतो. पण माझा मुलगा सात वर्षांचा आहे आणि आता तिच्यावर बसून गृहपाठ करतो. सेकंडहँड शोध, लाकूड टिकतं.

चैत्रबन
सेकंडहँड घेताना मागच्या किंवा खालच्या बाजूचा छापील मजकूर बघ. उंच खुर्चीवर युरोपचं ईएन १४९८८ किंवा अमेरिकेचं एएसटीएम एफ४०४, असं काही मानक लिहिलेलं असतं. मॉडेलचं नाव टाकून ती कधी परत मागवली गेली होती का ते शोध. स्क्रू, बक्कल, चिरा, सगळं हाताने हलवून बघ. एखादा भाग नसेल तर तो मिळेपर्यंत वापरू नकोस.

ओंजळ
मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. तुमच्यामुळे इतकी नेमकी यादी घेऊन गेले की विक्रेत्यालाच प्रश्न पडले.

टेबलाखाली हात घातला तर आडवी पट्टी निघाली, त्यामुळे अडकवायची सीट बाद. बूस्टर ती नीट बसायला लागल्यावर बघू. शेवटी खाचांची लाकडी खुर्ची सेकंडहँड मिळाली. पाया लहान आहे, टेबलाच्या कोपऱ्याशी बरोबर मावते. घरी आणल्यावर लक्षात आलं की मांड्यांमधला पट्टा गायब! चैत्रबन, तुझी पोस्ट आठवली. कंपनीकडून पट्टा मागवला आणि तो येईपर्यंत बारा दिवस मांडीवरच भरवलं, पण आता माझ्याकडे कूस करून बसवून, आरसा समोर ठेवून, म्हणजे तोंड दिसत होतं. आईने बसून बघितलं, तिच्या डोळ्यांसमोर बरोबर येते.

पहिल्या दिवशी ती जरा एका बाजूला कलत होती. रानवाट, दोन्ही कुशींना छोटे टॉवेल गुंडाळून लावले, चालेल ना? आणि पायाची फळी सगळ्यात वरच्या खाचेत लावूनही तळवे पूर्ण टेकत नाहीत, बोटंच टेकतात.

रानवाट
टॉवेल चालतील, पण बरगड्यांशी नको, कंबरेच्या दोन्ही बाजूंना लावा, आणि पट्ट्याच्या मधे येऊ देऊ नका. दोन-तीन आठवड्यांत लागणार नाहीत. फळीवर योगासनांची फोमची वीट आडवी ठेवून रुंद चिकटपट्टीने घट्ट गुंडाळा. हलवून बघा, जराही सरकता कामा नये. आरशाची युक्ती छान आहे, मी इतरांना सांगेन.

ओंजळ
वीट बांधली! आत्ताच बसवून आले. दोन्ही तळवे सपाट टेकलेत. आज पहिल्यांदा तिने ट्रेवरचं स्वतः उचलून तोंडात घातलं, दोन्ही हातांनी. आई समोर बसून बघत होती.

सायंतारा
वा गं बाई. फळी आता दर महिन्याला बघत जा. मुलं झोपेत वाढतात.

नवखा_बाबा
आमच्याकडचंही सांगतो. फळी दोन खाचा खाली केली, ट्रे काढला, तिघं एकत्र जेवतो. पहिले पाच दिवस खरंच कमी खाल्लं, बायकोचा जीव खालीवर झाला. काल सकाळी तो स्वतः खुर्चीपाशी जाऊन हात वर करून उभा राहिला. रात्रीच्या जेवणाला अजून मोबाईल लागतो, तो पुढच्या आठवड्यात.